मुंबईत नव्याने येणाऱ्या जोडप्याने भाड्याचे घर कसे शोधावे?

तुम्ही लिहिले आहे की लग्नाला तीन महिने झाले आहेत, दोघे लातूरहून मुंबईत येत आहात, तुमच्या पतींचे कार्यालय अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत आणि तुमचे फोर्टमध्ये आहे, कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये पंधरा दिवस राहता येईल आणि या शहरात ओळखीचे कोणीही नाही. त्यापुढे तुमचा प्रश्न आहे: "दोघांच्या मध्यावर घर घ्यायचे ठरले आहे, तर वांद्रे बरे की दादर?" यातल्या "मध्यावर" या शब्दाविषयी मी आधी लिहितो, कारण आम्ही दोघांनी नेमकी तीच चूक केली होती आणि ती निस्तरायला अकरा महिने लागले.

आम्ही २०१८ साली कोल्हापूरहून आलो. माझे काम ऐरोलीत आणि पत्नीचे सीएसएमटी स्थानकाजवळ. नकाशा समोर ठेवून आम्ही घाटकोपर निवडले, एका रविवारी दुपारी घर पाहिले, रिकाम्या गाडीतून जाऊन आलो आणि संध्याकाळी टोकन (घर धरून ठेवण्याची आगाऊ रक्कम) देऊन मोकळे झालो. सोमवारपासून माझे बरे चालले, कारण मला सकाळी गर्दीच्या उलट दिशेने ठाण्याला जाऊन पुढे ट्रान्स-हार्बरची (ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या मार्गाची) गाडी पकडायची होती. पत्नीला मात्र कल्याणहून भरून आलेल्या फास्ट लोकलमध्ये महिलांच्या डब्यातही पाय ठेवता येत नसे. दोन-तीन गाड्या सोडून ती शेवटी स्लो पकडत असे आणि कार्यालयात पोहोचेपर्यंत तिचा निम्मा दिवस संपल्यासारखा वाटे. करार संपल्यावर आम्ही ठाण्याला गेलो. तिचे अंतर साधारण वीस किलोमीटरवरून चौतीस किलोमीटरवर गेले, तरी प्रवास सुसह्य झाला, कारण ठाण्याहूनच सुटणारी लोकल मिळू लागली आणि ती बसून जाऊ लागली. मुंबईकर अंतर किलोमीटरमध्ये का सांगत नाहीत, हे मला तेव्हा कळले. गाडी कुठून सुटते, सकाळी आपण गर्दीच्या दिशेने जातो की उलट, आणि वाटेत किती वेळा गाडी बदलावी लागते, या तीन गोष्टींचा हिशेब इथे नकाशावरच्या मध्यापेक्षा खरा ठरतो. जागा मिळावी म्हणून आधी उलट्या दिशेने "डाऊन करून" येणारे लोक तुम्हाला पहिल्याच आठवड्यात भेटतील. ती हौस नसते.

तुमच्या बाबतीत एक चांगली सोय अलीकडेच झाली आहे. आरे ते कफ परेड ही मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण लांबीने सुरू झाली. तिच्यावर एमआयडीसी-अंधेरी आणि मरोळ नाका ही स्थानके आहेत, आणि फोर्ट भागातली सीएसएमटी व हुतात्मा चौक हीसुद्धा आहेत. याचा अर्थ असा की मरोळच्या परिसरात घर मिळाले, तर पतींचे कार्यालय हाकेच्या अंतरावर येते आणि तुम्हाला एकदाही गाडी न बदलता फोर्ट गाठता येते. या मार्गाचे कमाल भाडे ७० रुपये आहे. लोकलचा महिन्याचा पास त्या मानाने फारच स्वस्त पडतो, म्हणून तिकिटाचा हा खर्च घरभाड्यात मिळवूनच दोन पर्यायांची तुलना करा. मरोळ नाक्यालाच घाटकोपर-वर्सोवा ही मेट्रो १ मिळते, त्यामुळे मरोळ किंवा चकाला परवडले नाही, तर साकीनाका, असल्फा या दिशेने शोध सरकवता येईल. तेवढ्यासाठी एकदा मेट्रो बदलावी लागेल. वांद्रे किंवा दादर घेतलेत, तर त्याच पैशात वन बीएचकेऐवजी वन आरके (एक खोली आणि स्वयंपाकघर) पदरी पडण्याची शक्यता जास्त आहे.

घर आवडले तरी टोकन देण्यापूर्वी एक कामाचा दिवस वाया घालवा. सकाळी दोघांनी आपापल्या वेळेला त्या इमारतीच्या फाटकापासून निघून आपापल्या कार्यालयापर्यंत जावे आणि संध्याकाळी तसेच परतावे. रविवारी हा प्रयोग करू नका. त्या दिवशी गर्दी नसते आणि बहुधा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद) असतो. ब्रोकरचे "स्टेशनपासून पाच मिनिटे" हे त्याच्या स्कूटरवरचे असतात, हेही त्याच दिवशी उमगेल.

ब्रोकर टाळून घर मिळाले तर उत्तम, पण पंधरा दिवसांच्या मुदतीत ते कठीण आहे. साधारणपणे एका महिन्याचे भाडे ब्रोकरेज म्हणून द्यावे लागते. एकच घर तीन ब्रोकर दाखवतात, म्हणून ज्याने प्रथम दाखवले त्याचे नाव लिहून ठेवा, नाहीतर पुढे तिघेही पैसे मागायला येतात. "दुसरी पार्टी चेक घेऊन बसली आहे" हे वाक्य आम्ही सात घरांत ऐकले. त्यातली निदान दोन घरे पुढचा महिनाभर रिकामीच होती. टोकन देण्यापूर्वी मालकाचे ओळखपत्र आणि घराच्या खरेदीचा इंडेक्स टू (खरेदी नोंदणीचा सरकारी उतारा) किंवा सोसायटीचे देखभाल बिल पाहायला मागा. खऱ्या मालकाला त्याचा राग येत नाही.

सोसायटीत विचारण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण त्या ब्रोकरला न विचारता वॉचमनला विचाराव्यात: पाणी किती वाजता येते, किती वेळ येते, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, आणि इमारत पुनर्विकासाला जायची आहे का. शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण पुनर्विकासाची बोलणी पक्की झालेल्या इमारतीत भाडे कमी असते आणि बिऱ्हाड लवकर हलवावे लागते. पावसाळ्याआधी घर पाहात असाल, तर संपूर्ण खोलीत एकाच भिंतीला ताजा रंग दिसला की त्या भिंतीवर हात फिरवून पाहा, खाली ओल लपवलेली असू शकते. सर्वांत वरचा मजला असेल, तर गळती रोखायला गच्चीवर पत्र्याची शेड आहे का तेही बघा.

आणखी एक अप्रिय गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आम्ही मटण खाणारी माणसे आहोत, हे कळल्यावर दोन ठिकाणी सगळे ठरलेले मोडले. त्यातल्या एका ठिकाणी तर आम्ही सामान आणायचा टेम्पोही सांगितला होता. मराठी माणसाला मुंबईत असे ऐकावे लागते याचा संताप आला, अजूनही येतो. पण हाती थोडेच दिवस असताना भांडण्यात अर्थ नव्हता, म्हणून पुढे आम्ही पहिल्याच फोनवर ते सांगून टाकू लागलो आणि निदान फेऱ्या वाचल्या. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र जवळ असू द्या, "फॅमिली" घरांसाठी ते हमखास मागतात.

आता कराराबद्दल. इथे लिव्ह अँड लायसन्सचा करार (ठरावीक मुदतीपुरता घर वापरण्याचा परवाना) बहुधा अकरा महिन्यांचा करतात. अकरा महिने आहेत म्हणून नोंदणीची गरज नाही, असे कोणी सांगितले तर ते चूक आहे: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के असते, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेली रक्कम मिळवतात. म्हणजे महिना ३०,००० रुपये भाडे आणि एक लाख डिपॉझिट असेल, तर अकरा महिन्यांसाठी शुल्क साडेआठशे रुपयांच्या आसपास येते, आणि महापालिका क्षेत्रात नोंदणी फी १,००० रुपये. एजंट यापेक्षा बरेच अधिक सांगेल. त्याची मेहनत त्याला जरूर द्या, पण सरकारी रक्कम आणि त्याची रक्कम वेगवेगळी लिहून घ्या. त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही घर सोडले नाही, तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम भरावी लागू शकते, तेव्हा नूतनीकरणाचे बोलणे दोन महिने आधी सुरू करा. सोसायटी घरमालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी शुल्क (मालक स्वतः तिथे राहत नसल्याचे शुल्क) घेते. ते तुमच्या भाड्यावर वेगळे चढवले जात नाही ना, एवढे पाहा.

करारात दोघांचीही नावे घाला. आमच्या पहिल्या करारात "साहेबांचे एक नाव पुरे" असे एजंट म्हणाला आणि मीही मान डोलावली. पुढे पत्नीला बँकेत पत्ता बदलायचा होता, तेव्हा तिच्याकडे या शहरातल्या घराचा एकही कागद नव्हता. ती जे बोलली ते मी इथे लिहीत नाही.

किल्ली हातात आली की सामान आत नेण्यापूर्वी दोघांनी मिळून प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, त्यात वीज मीटरचा आकडा, नळ, फरशा आणि दारांच्या कड्या येऊ द्या, आणि तो त्याच दिवशी घरमालकांना पाठवा. घाटकोपरच्या घरातली न्हाणीघराची फरशी आम्ही गेलो तेव्हाच तडकलेली होती, पण डिपॉझिटमधून त्याचे चार हजार कापले गेले, कारण आमच्याकडे दाखवायला एक साधा फोटोही नव्हता.