जुन्या फॉन्टमधील ग्रंथयादी आणि फॉन्ट, युनिकोड, कीबोर्ड यांचा गोंधळ

आपण लिहिले आहे की गावातील वाचनालयाचे काम नुकतेच आपल्याकडे आले, जुना संगणक बंद पडल्यावर ग्रंथयादीची एक्सेल फाइल नव्या संगणकावर उघडली तेव्हा पुस्तकांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि भलतीसलती चिन्हे आली, दुकानदाराने जुना फॉन्ट टाकून दिल्यावर यादी दिसू लागली खरी, पण शोध घेतल्यास एकही पुस्तक सापडत नाही आणि ईमेलने पाठवलेली यादी समोरच्याला पुन्हा तशीच विचित्र दिसते. फॉन्ट, युनिकोड, यूटीएफ-८ आणि कीबोर्ड लेआउट हे शब्द जो तो एकाच अर्थाने वापरतो, अशीही आपली तक्रार आहे आणि ती अगदी रास्त आहे. एका संस्थेचे कार्यालयीन काम मी बरीच वर्षे पाहिले आहे. नेमक्या याच गोंधळापायी आमच्या सभासदांना फार मनस्ताप झाला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी संगणक अभियंता नाही. जे स्वतः हाताळले तेवढेच सांगतो. फाइल, फोल्डर, कॉपी-पेस्ट हे आपल्याला येते असे गृहीत धरले आहे.

संगणकाच्या फाइलीत अक्षरे नसतात, क्रमांक असतात, ही एक गोष्ट पक्की लक्षात घेतली की बाकीचे सोपे होते. कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक द्यायचा हे ठरवणारा तक्ता म्हणजे एन्कोडिंग. त्या क्रमांकाचे अक्षर पडद्यावर कोणत्या वळणाने काढायचे हे ठरवतो तो फॉन्ट. कोणती कळ दाबल्यावर कोणता क्रमांक फाइलीत जायचा हे ठरवतो तो कीबोर्ड लेआउट. युनिकोड हा जगातल्या सर्व लिप्यांसाठी केलेला एकच सामाईक तक्ता आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि त्यातील देवनागरीची मांडणी भारतातच तयार झालेल्या इस्की या प्रमाणावर आधारलेली आहे. या तक्त्यात २३०४ ते २४३१ या १२८ जागा देवनागरीच्या आहेत. ‘क’चा क्रमांक २३२५ आणि ‘ळ’चा २३५५, मग फॉन्ट कोणताही असो आणि संगणक कोणाचाही असो. हे क्रमांक फाइलीत प्रत्यक्ष कसे लिहून ठेवायचे याची आज सर्वाधिक रूढ पद्धत म्हणजे यूटीएफ-८. तिच्यात साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट, म्हणजे साठवणुकीचे एक एकक, लागतो आणि देवनागरी अक्षरचिन्हाला तीन.

आता आपल्या यादीकडे येऊ. विंडोजमध्ये मराठीची सोय मुळातूनच मिळू लागली ती विंडोज २००० पासून, आणि एक्सपीमध्येही ती वेगळी चालू करावी लागत असे. त्याआधी मराठीत काम करायचे तर एक तोडगा होता: संगणकाला इंग्रजीसाठी माहीत असलेल्या जेमतेम अडीचशे क्रमांकांच्या जागी फॉन्ट बनवणाऱ्यांनी मराठी अक्षरांचे तुकडे काढून ठेवले. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता, आणि आपल्याकडची छपाई, लग्नपत्रिकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत, त्याच तोडग्यावर उभी राहिली. त्या लोकांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु याचा अर्थ असा की आपल्या फाइलीत आजही इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक आहेत. फॉन्ट असेपर्यंत ते मराठीसारखे दिसतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर मूळ रूपात दिसतात. शोध घेताना आपण युनिकोडमध्ये ‘ययाति’ टाइप करता आणि फाइलीत तशी अक्षरे मुळात नसतातच, मग सापडणार काय? दुकानदाराने फॉन्ट टाकला त्यामुळे चित्र सुधारले, मजकूर होता तसाच राहिला.

त्यातही एक बारकावा आहे, कारण पुढे जुन्या फॉन्टमधील मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना तोच नडतो. युनिकोडमध्ये ‘कि’ लिहिले की आधी ‘क’ आणि मग वेलांटी असा उच्चाराचा क्रम राहतो. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते म्हणून ती आधी साठवली जाते. ‘सूर्य’मधला रफार युनिकोडमध्ये ‘य’च्या आधी ‘र’ आणि पाय मोडण्याचे चिन्ह असा असतो, तर जुन्या फॉन्टमध्ये तो ‘य’च्या नंतर येणारा एक सुटा तुकडा असतो. अनेक फॉन्टमध्ये ‘ग’ हे अक्षरसुद्धा अर्धा ‘ग’ आणि उभा दंड अशा दोन तुकड्यांचे असते. त्यामुळे ‘या चिन्हाऐवजी ते अक्षर’ असे सरळ बदलून भागत नाही, मागचापुढचा क्रमही फिरवावा लागतो. प्रत्येक फॉन्टचा तक्ताही निराळा, म्हणून एका फॉन्टसाठी केलेले रूपांतर दुसऱ्याला चालत नाही.

कोणत्याही फाइलीवर हात फिरवण्याआधी नेमके बिघडले काय आहे ते ओळखावे. त्यातील एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. स्वच्छ मराठी दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे, काही करायचे नाही. रिकामे चौकोन दिसले तर मजकूर बहुधा ठीक आहे, त्या संगणकावर देवनागरी फॉन्ट नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ पुन्हा पुन्हा, जवळजवळ प्रत्येक अक्षरामागे दिसत असेल तर ती यूटीएफ-८ फाइल चुकीच्या तक्त्याने उघडली आहे, आणि योग्य तक्ता निवडून उघडल्यास मराठी जशीच्या तशी परत येते. इंग्रजी अक्षरे, कंस आणि चिन्हे यांची सरमिसळ दिसली, म्हणजे आपल्यासारखे, तर तो जुना फॉन्ट. आणि ओळीच्या ओळी नुसत्या प्रश्नचिन्हांच्या असतील तर मात्र मजकूर गेला. कोणीतरी ती फाइल मराठी न सामावणाऱ्या तक्त्यात जतन केलेली असते आणि प्रश्नचिन्हांतून अक्षरे परत काढण्याचा उपाय नाही. अशा वेळी तिच्यावर डोके आपटण्यापेक्षा जुनी प्रत शोधावी.

आता आम्हाला जे भोवले ते सांगतो. आमच्या संस्थेची सभासद यादी आम्ही जाणीवपूर्वक युनिकोडमध्ये केली होती, प्रत्येक नाव मूळ अर्जाशी ताडून. एका कार्यालयात ती सादर करायची होती. तेथे सांगण्यात आले की यादी अमुक एका जुन्या फॉन्टमध्येच हवी, कारण ‘आमच्या मशीनवर तोच आहे’. त्यांच्याच संगणकावर युनिकोड मजकूर व्यवस्थित उघडतो हे आमच्या पेनड्राइव्हवरून दाखवले, तेव्हा ‘दिसते ते ठीक आहे, पण आमच्या फॉरमॅटमध्ये बसत नाही’ असे उत्तर मिळाले. फॉन्ट आणि एन्कोडिंग वेगळे असते हे ऐकून घेण्याचीही तयारी नव्हती. लेखी मागितले तर लेखी कोणी देईना. मुदत जवळ आली होती, म्हणून आम्ही एका डीटीपी केंद्रातून यादी त्या फॉन्टमध्ये रूपांतरित करून घेतली आणि कार्यालयाने ती विनातक्रार स्वीकारली.

रूपांतरात ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ असलेली आडनावे बिघडली होती. गोऱ्हे आणि कुऱ्हाडे यांच्यातला अर्धा ‘र’ कोठे गळून पडला, तर कोठे रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसला. काही ठिकाणी ‘ष्ट्र’ तुटला. यादी परत तपासण्यासाठी आम्हाला हवी होती. ती थेट दाखल करून घेण्यात आली आणि त्याच नावांचे दाखले निघाले. मग सुरू झाले ते दुरुस्तीचे काम: प्रत्येक सभासदाचा अर्ज, ओळखपत्राची प्रत, प्रतिज्ञापत्र, त्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. वयस्कर माणसे उन्हात रांगेत उभी राहिली, तीही अशा चुकीसाठी जी त्यांनी केलेली नव्हती आणि मूळ यादीत नव्हतीच. पुढे त्याच कार्यालयाचे काम ऑनलाइन झाले आणि सूचना आली की सर्व माहिती केवळ युनिकोडमध्येच भरावी, जुन्या फॉन्टमधील मजकूर स्वीकारला जाणार नाही. आमची पहिली यादी तेव्हाही आमच्याकडे तशीच्या तशी होती, तीच दिली. मधल्या सगळ्या यातायातीबद्दल कोणी एक शब्दही बोलले नाही. हे आठवले की आजही संताप होतो, कारण तेथे तंत्रज्ञानाची अडचण कधीच नव्हती. समोरच्याचे दोन मिनिटे ऐकून घेतले असते तरी पुरले असते.

म्हणून माझे ठाम मत असे आहे: आपल्याकडील मूळ मजकूर नेहमी युनिकोडमध्येच ठेवावा आणि कोणीही जुना फॉन्ट मागितला तर ती मागणी लेखी घ्यावी. लेखी मिळाले नाही तर निदान आपण दिलेल्या पत्रात ‘आपल्या तोंडी सूचनेनुसार रूपांतरित करून देत आहोत, मूळ युनिकोड प्रत सोबत जोडली आहे’ हे एक वाक्य घालून पोच घ्यावी. हे माझे अनुभवावरून झालेले मत आहे, कायदेशीर सल्ला नव्हे.

आपल्या ग्रंथयादीचे रूपांतर करताना काय सांभाळावे ते आता सांगतो. प्रथम फाइलीची प्रत करून मूळ फाइल बाजूला ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. एक्सेलमध्ये पुस्तकाच्या नावाच्या रकान्यावर क्लिक केले की वरच्या पट्टीत फॉन्टचे नेमके नाव दिसते, ते आकड्यासकट टिपून घ्या, कारण एकाच घराण्यातील दोन फॉन्टचे तक्तेसुद्धा वेगळे असू शकतात. त्या फॉन्टचे रूपांतरक, म्हणजे त्यातील मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्राम, इंटरनेटवर शोधल्यास मिळतात. संपूर्ण पान एकदम रूपांतरात घालू नका. एकेक रकाना घ्या. दाखल क्रमांक, किंमत आणि इंग्रजी पुस्तकांची नावे यांना रूपांतरातून वगळा, नाहीतर खऱ्या इंग्रजी नावांचीही निरर्थक मराठी होईल आणि किमतीचे आकडे देवनागरी होऊन बसतील, ज्यांची बेरीज एक्सेल करेलच असे नाही. ग्रंथयादी सार्वजनिक असते, पण वाचकांची नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक असलेली यादी कोणत्याही अनोळखी संकेतस्थळावर चिकटवू नका. त्यासाठी इंटरनेटशिवाय संगणकावरच चालणारे रूपांतरक वापरावे.

रूपांतर झाल्यावर सगळी यादी डोळ्यांखालून घालणे शक्य नसेल तर निदान जिथे हमखास बिघडते तिथे पाहावे: ऱ्हस्व वेलांटीवर रफार येणारे शब्द, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’, ‘ष्ट्र’, ‘द्य’ आणि ‘द्ध’, ‘ज्ञ’, ‘श्र’ आणि मात्रेवरचा अनुस्वार. ‘विद्यार्थी’, ‘महाराष्ट्र’, ‘दऱ्या’, ‘सौंदर्य’ हे शब्द शोधून पाहा. एवढ्यावरून रूपांतरकाची परीक्षा होते. युनिकोडमध्ये आल्यावरही एक खाचखळगा उरतो. ‘ॲ’ हे एक अक्षर म्हणून लिहिता येते आणि ‘अ’वर अर्धचंद्र देऊनही लिहिता येते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण क्रमांक निराळे असल्याने एका पद्धतीने शोधले तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले सापडत नाही. अर्ध्या ‘ऱ’च्या बाबतीतही असेच दोन प्रकार आढळतात. एकच पद्धत ठरवून बाकीची नावे ‘शोधा आणि बदला’ वापरून तिच्यात आणावीत.

यादी जतन करताना एक्सेलचा नेहमीचाच प्रकार ठेवा. कोणी सीएसव्ही फाइल, म्हणजे रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल, मागितली तर जतन करण्याच्या यादीतून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा. नुसता ‘सीएसव्ही’ निवडल्यास मराठीच्या जागी ती प्रश्नचिन्हे येतात, ज्यांना वर मी उपाय नाही म्हटले. याउलट दुसऱ्याने पाठवलेली सीएसव्ही फाइल उघडताच तिरकी रेघवाला ‘ए’ दिसला तर घाबरू नका आणि ती त्या अवस्थेत जतनही करू नका. डेटा मेनूतून मजकूर आयात करताना तक्त्यांच्या यादीत ६५००१ हा क्रमांक निवडला की, म्हणजेच यूटीएफ-८, मराठी नीट येते.

टाइप कसे करावे हेही आपण विचारले आहे. रोमनमधून मराठी उमटवणाऱ्या साधनांनी काम होते, पण रोजचे काम असेल तर मी इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कीबोर्ड लेआउटच शिकायला सांगेन. विंडोजच्या भाषा-सेटिंगमध्ये मराठी जोडली की ते फुकट मिळते. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आणि ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ख’ अशी त्याची रचना आहे. ज्यांचे हात टंकलेखन यंत्रावर घडले आहेत त्यांना जुन्या मांडणीनेच युनिकोड उमटवणारे लेआउटही मिळतात. जुना हात सुटत नाही म्हणून जुना फॉन्ट धरून बसण्याची गरज नाही, हे आपल्या वाचनालयातील ज्येष्ठ लेखनिकांना जरूर सांगा. याच भीतीने अनेक जण बदलायला तयार होत नाहीत.

आपल्या फाइलीतील फॉन्टचे नाव आणि ग्रंथयादीतील दहा-बारा ओळी येथे दिल्यात, तर कोणते रूपांतरक चालेल ते पाहून सांगतो. किमतीचा रकाना कोणत्या फॉन्टमध्ये आहे तेही लिहा, कारण त्यावरून तो वगळायचा की नुसता फॉन्ट बदलून चालेल हे ठरेल.