टॉवरवर चढायचं काम नाही हे

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदाराचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, शाखा अणुविद्युत व दूरसंचार. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तिनं ‘एकाच संदेशात अनेक सेलचं शेड्यूलिंग’ हा विषय धरला आहे. बाकीची मुलं अ‍ॅप आणि वेबसाइट करताहेत. वडील विचारतात, ‘यातून नोकरी मिळेल की पोरीला टॉवरवर फिरावं लागेल? विषय बदलायला सांगू का?’

नमस्कार.

सांगू नका. आधी तिचा विषय काय आहे तो बघू, कारण तुम्हाला तो माझ्याइतकाच कळेल.

तुम्ही वाशीला हापूस पाठवता. समजा, एकाच ट्रकमधून चार दलालांचा माल जायचा आहे. चार चिठ्ठ्या केल्या तर तुमचं नाव, गाव, तारीख, ट्रकचा नंबर हे सगळं चारदा लिहावं लागतं. पेट्या किती आणि प्रत कोणती, एवढंच काय ते प्रत्येकाचं वेगळं. त्याऐवजी एकाच कागदावर सामाईक मजकूर वर एकदा लिहिला आणि खाली चार ओळी घातल्या, की काम झालं.

५जी फोन एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवरून डेटा घेऊ शकतो. अशी प्रत्येक वाट म्हणजे एक सेल. डेटा पाठवताना टॉवर आधी फोनला निरोप देतो, की तुझा माल अमुक जागेत आहे, अमुक पद्धतीनं उलगड. या निरोपाला डीसीआय म्हणतात. टॉवर वेळेचे बारीक तुकडे पाडतो, एक तुकडा म्हणजे स्लॉट. एका स्लॉटमध्ये १४ सिम्बॉल, म्हणजे आणखी बारीक कप्पे, असतात आणि निरोपांसाठी त्यातले सुरुवातीचे एक ते तीनच मिळतात. गणपतीत चाकरमानी गावात उतरतात आणि घराघरात दहा-दहा फोन होतात, ती गर्दी डोळ्यांपुढे आणा. नेट मंदावण्याची कारणं बरीच असतात, पण गर्दीत असंही होतं, की डेटाची जागा मोकळी असते आणि निरोपाला जागा उरत नाही. मग फोन ताटकळतो.

म्हणून थ्रीजीपीपी या जागतिक मानक संस्थेनं रिलीज १८ या मानकांच्या आवृत्तीत दोन नवे निरोप आणले, डाउनलिंकसाठी (टॉवरकडून फोनकडे) १_३ आणि अपलिंकसाठी (फोनकडून टॉवरकडे) ०_३. एकाच निरोपात चार सेलपर्यंतचं काम सांगता येतं.

आता तिला वही घेऊन समोर बसवा. आकडे समजुतीसाठी घेतो. एक निरोप ४४ बिटांचा (बिट म्हणजे शून्य किंवा एक, एवढाच अंक), त्यातले १६ सगळ्यांना सामाईक आणि २८ प्रत्येक सेलचे स्वतःचे. प्रत्येक निरोपाच्या शेवटी चूक ओळखण्यासाठी २४ बिटांचं शेपूट असतं, ते सीआरसी. चार वेगळे निरोप म्हणजे २७२ बिट. एकत्र केला तर १६ अधिक ११२ अधिक २४, म्हणजे १५२. बचत ४४ टक्के. पोरगी इथे खूश होईल आणि तिथेच तिला थांबवा. विचारा, ‘ही एकच चिठ्ठी भिजली तर?’ चारही दलालांचा माल अडकला. पुढे विचारा, ‘आज एकाच दलालाला पेट्या गेल्या, तरी कागद एवढाच लांब का?’ शिवाय शेपूट सोडून निरोप १४० बिटांपलीकडे जाऊ शकत नाही, आपल्या उदाहरणात १२८ झालेच आहेत. टॉवरपासून दूर, खाडीपलीकडच्या वाडीत बसलेल्या फोनला लांब निरोप नीट पोचवायचा तर त्याला जास्त जागा द्यावी लागते. म्हणजे वाचवलेलं तिथे परत खर्ची पडतं. कुठल्या सेल एकत्र बांधायच्या, काय सामाईक ठेवायचं, कधी जुनीच पद्धत बरी, हा सगळा तिच्या प्रोजेक्टचा गाभा. या प्रश्नांवर तिचे डोळे चमकले तर ही पोरगी या कामाची आहे, असं मी खात्रीनं म्हणेन.

आता नोकरीचं. हे काम संगणकासमोर बसून करायचं आहे. लागतं ते गणित, डिजिटल कम्युनिकेशन आणि सी++. मोबाइलच्या चिप आणि नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांची संशोधन केंद्रं बेंगळुरू-हैदराबादला आहेत, तिथे या विषयाची माणसं लागतात. पण खरं तेच सांगतो, या कंपन्या आपल्याकडच्या कॉलेजांत कॅम्पसला सहसा येत नाहीत. बहुतेकांची वाट एम.टेक.मधून जाते. त्यासाठी गेट ही प्रवेश परीक्षा असते. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही ती देता येते, तिनं ती यंदाच देऊन बघावी. गेटवर आयआयटी किंवा एनआयटीत एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन असतं, त्यामुळे बागेवर कर्ज काढायची वेळ येऊ नये. कॅम्पस मुलाखतीही तिनं द्याव्यात. हाती आलेली सॉफ्टवेअरची नोकरी नाकारायची की नाही, ते गेटचा निकाल बघून ठरवा.

प्रोजेक्ट विकत आणून जमा करणारी मुलं मी दरवर्षी बघतो आणि मनाला लागतं. तुमच्या लेकीनं अवघड विषय स्वतः निवडला आहे. तो तिनं स्वतःच्या हातानं पुरा करावा, एवढाच माझा आग्रह आहे.

खर्चाची धास्ती नको. थ्रीजीपीपीची मानकं फुकट उतरवता येतात. तिनं ३८.२१२ क्रमांकाच्या मानकातला डीसीआयचा भाग आधी वाचावा, मग ३८.२१३. सिम्युलेशन पायथॉनमध्ये होईल, घरचा लॅपटॉप पुरे. आंब्याचा हंगाम आटोपला की तिनं काढलेला पहिला आलेख मला पाठवा: आडव्या अक्षावर एकाच वेळी चालू असलेल्या सेलची संख्या, उभ्यावर बचत झालेले बिट. एका सेलपाशी रेघ शून्याखाली गेलेली दिसली, तर तिला विषय समजला आहे.