मराठी माध्यमातून आलेल्या एम.एस्सी.च्या मुलांचं इंग्रजी लेखन एआयच्या काळात कसं शिकवावं, कसं तपासावं?

जालन्याकडच्या एका कॉलेजात तुम्ही सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, एम.एस्सी.च्या मुलांना प्रबंधाचं इंग्रजी शिकवता, निम्मी सबमिशन्स चॅटजीपीटीची वाटतात, तेव्हा डिटेक्टर, म्हणजे एआयनं लिहिलेलं ओळखून देण्याचा दावा करणारं सॉफ्टवेअर, लावावा का आणि मार्क नेमके कशाला द्यावेत, असं तुम्ही विचारलंय. मी बीड जिल्ह्यात एकोणीस वर्षं हेच करतोय. डिटेक्टरचं आधी सांगतो, कारण तिथं मी स्वतः तोंडावर आपटलोय.

2023 च्या दिवाळीनंतरची गोष्ट. सोयाबीनवर प्रोजेक्ट करणाऱ्या एका मुलीची प्रस्तावना मी एका फुकटच्या डिटेक्टरमध्ये टाकली. त्यानं छातीठोकपणे सांगितलं, यंत्राचं लेखन, नव्वद टक्के. मी तिला स्टाफरूममध्ये बोलावून चार जणांसमोर जाब विचारला. ती खाली मान घालून उभी राहिली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणून टेबलावर ठेवली. तीच प्रस्तावना, तीनदा लिहिलेली. 'देअरफोर'चं स्पेलिंग समासात सात वेळा घोटलेलं. एका वाक्यात तर क्रियापद आधी शेवटी होतं, मग बाण काढून पुढं आणलेलं. "सर, चुका नाहीत म्हणून चोरी झाली का?" एवढंच बोलली. माफी मी त्याच चार जणांसमोर मागितली.

नंतर वाचलं, तेव्हा कारण कळलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे 91 निबंध सात डिटेक्टरना दिले होते. माणसांनी लिहिलेले हे निबंध डिटेक्टरनी सरासरी 61 टक्के वेळा यंत्राचे ठरवले. असे बरेच डिटेक्टर पुढचा शब्द किती अपेक्षित आहे हे मोजतात. आपली लेकरं मोजक्या शब्दांत, पाठ केलेल्या चौकटीत, जपून लिहितात. म्हणजे आपण जे शिकवलं, तेच संशयाचं कारण ठरतं! ओपनएआयनंही अचूकता कमी म्हणून स्वतःचा डिटेक्टर जुलै 2023 मध्ये मागे घेतला. तुम्ही लावूच नका.

गूगल डॉक्सची व्हर्जन हिस्टरी, म्हणजे मजकूर कधी आणि कसा बदलत गेला याची नोंद, बघा, असं कार्यशाळेत सांगतात. आपल्याकडं ती निम्म्या वेळा फसवते. पोरगं वहीत लिहितं आणि कॉलेजच्या फाटकासमोरच्या टायपिंग सेंटरवाल्याकडून टाइप करून घेतं. हिस्टरीत सगळा मजकूर एका दमात आलेला दिसतो.

म्हणून इंटर्नलचे जे मार्क माझ्या हातात आहेत, त्यातले निम्म्याहून जास्त मी छापील प्रतीला देतच नाही. वर्गात हातानं लिहिलेला पहिला खर्डा, त्यावर मी केलेल्या खुणा आणि त्यानंतर त्यांनी काय बदललं, हे मार्कांचं मुख्य खातं. शिवाय पाच मिनिटं बोलणं, मराठीत चालेल. "हा 'हाउएव्हर' काढला तर काय बिघडेल?" एवढा एक प्रश्न पुरतो. ज्यानं लिहिलंय तो अडखळत का होईना सांगतो, ज्यानं आणलंय तो खिडकीबाहेर बघतो. बासष्ट मुलं म्हणजे पाच तासांवर काम जातं, म्हणून मी दोघांना एकत्र बसवतो आणि एकाला दुसऱ्याच्या परिच्छेदावर विचारतो.

'ए' आणि 'द'च्या चुकांचे मार्क मी कापत नाही. मराठीत ते प्रकरणच नाही, जायला वर्षं लागतात. प्रबंधात खरं नुकसान करतो तो दाव्याचा ठामपणा. एकानं लिहिलं होतं, 'इट इज प्रूव्ड दॅट', बियाण्याला रायझोबियम हे जिवाणू खत चोळल्यानं उत्पादन वाढतं. मी विचारलं, किती हंगाम? एक. किती रान? चार गुंठे.

गंमत अशी की हीच मुलं मराठीत एवढी ठाम कधीच बोलत नाहीत. 'पाऊस पडला', 'पडला असावा' आणि 'गेवराईकडं पडला म्हणे' यांतला पुराव्याचा फरक त्यांना शिकवावा लागत नाही. स्वतः पाहिलं, खुणांवरून ताडलं, दुसऱ्याकडून ऐकलं. मी ही तीन वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहितो आणि समोर इंग्रजी मांडतो: 'शोज', मग 'सजेस्ट्स' किंवा 'मे', मग 'इज रिपोर्टेड टू'. त्यानंतर प्रत्येकानं आपल्या निष्कर्षाच्या पानावरची क्रियापदं अधोरेखित करायची आणि समासात मराठीत लिहायचं: पाहिलं, असावं की म्हणे. रायझोबियमवाल्यानं 'प्रूव्ड'वर स्वतःच काट मारली. वर्षभरात माझा सगळ्यात कारणी लागलेला तास हाच.

शब्दांच्या याद्या पाठ करायला देऊ नका. ॲव्हरिल कॉक्सहेड यांची शैक्षणिक इंग्रजीतल्या 570 शब्दकुळांची (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं) 2000 सालची यादी चांगलीच आहे, पण आपली मुलं तिचं गाईड करून टाकतात. त्यापेक्षा मजकुरात एखादा शब्द कुठं-कसा आलाय ते शोधून देणारं अँटकाँक हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यांच्याच विषयाचे वीसेक शोधनिबंध साध्या मजकुराच्या फाइली करून त्यात घाला आणि 'इन्क्रीज'च्या पुढं-मागं काय येतं ते त्यांनाच शोधू द्या. एका लॅपटॉपवर होतं, नेट लागत नाही.

वाङ्मयचौर्य तपासताना दुसऱ्यांच्या मजकुराशी जुळण्याचे जे टक्के निघतात, त्या साम्याबद्दल थोडक्यात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, 60 च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. मुलं यातून एवढंच शिकतात की आकडा दहाच्या खाली आणायचा, आणि शब्दांच्या जागी समानार्थी शब्द टाकणारं शब्दफिरवं यंत्र वापरतात. 2021 मध्ये संगणकशास्त्रज्ञ गिओम काबानाक आणि सहकाऱ्यांनी छापील शोधनिबंधांतून असले नमुने गोळा केले: 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बूझम पेरिल', 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस'. हे दोन्ही वर्गात वाचून दाखवा. हसतात, आणि मग आपापली पानं गुपचूप उघडून बघतात.

चॅटजीपीटीवर बंदी घालून उपयोग नाही, ते खिशातच आहे. मी त्याच्याकडूनच विषयाचे पाच संदर्भ मागवायला लावतो आणि मुलांनी ते खरोखर अस्तित्वात आहेत का, हे ग्रंथालयात तपासून आणायचं. न सापडलेल्या संदर्भालाही मार्क.

सीएचबीला तास मोजून मिळतात, तेव्हा एवढं सगळं जमणार नाही, हे माहीत आहे. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाकडून एक पान समोर बसवून लिहून घ्या, त्यावर तारीख आणि सही टाका. पुढं कुणाच्या लेखनाबद्दल शंका आली तर आधी ते पान काढा. पानं घरी नेऊ नका, हरवतात. कपाट मिळालं नसेल तर ग्रंथपालांना चहा पाजून एक कप्पा मागून घ्या.