रीलोडिंगची प्रश्नोत्तरे: प्रोग्रेसिव्ह प्रेस कुठला घ्यावा?

अमेरिकेत नेमबाजीच्या स्पर्धा खेळणाऱ्या मराठी मंडळींकडून रीलोडिंगबद्दल, म्हणजे वापरलेल्या पितळी केसेस घरी पुन्हा भरून काडतुसं बनवण्याबद्दल, आलेले हे काही प्रश्न. नवख्यांसाठी एवढंच सांगतो: प्रेस म्हणजे काडतुसं भरायचं हँडलवालं यंत्र. साध्या प्रेसवर एका वेळी एकाच केसवर एकच काम होतं. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर हँडल ओढलं की प्रत्येक स्टेशनवरच्या केसवर वेगळं काम होतं, आणि सगळी स्टेशनं भरलेली असली की दर ओढीला एक तयार काडतूस पडतं.

प्रश्न: मी डॅलसजवळ राहतो, यूएसपीएसए (प्रॅक्टिकल नेमबाजीच्या स्पर्धा) खेळतो. महिन्याला ९ एमएमची सात-आठशे काडतुसं लागतात. डिलन कंपनीचा ५५० सी घेऊ की एक्सएल ७५०?

फक्त ९ एमएम असेल आणि पुढेही तेच राहणार असेल, तर ७५०. दोघांतला खरा फरक वेगाचा नाही, स्टेशनांचा आहे. ५५० ला चार स्टेशनं: पहिल्यावर जुना प्राइमर (केसच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) निघतो, केस मापात येते आणि नवा प्राइमर बसतो, दुसऱ्यावर पावडर, तिसऱ्यावर बुलेट (नळीतून सुटणारा पुढचा भाग), चौथ्यावर क्रिंप, म्हणजे केसचं तोंड बुलेटवर आवळणं. झालं, जागा संपली. ७५० ला पाचवं स्टेशन आहे, त्यामुळे पावडर पडल्यावर आणि बुलेट बसण्याआधी पावडर तपासणारी डाय (डाय म्हणजे स्टेशनवर आट्यांनी बसवायचं, केसवर काम करणारं हत्यार) लावता येते. शिवाय ५५० ची शेलप्लेट, म्हणजे केसेस धरून फिरणारी चकती, तुम्ही स्वतः बोटाने फिरवायची, ७५० ची आपोआप फिरते. फोन वाजला, लक्ष उडालं आणि प्लेट फिरवायची राहिली, तर ५५० वर त्याच केसमध्ये दुसऱ्यांदा पावडर पडते.

मग ५५० कुणी घ्यावा? ज्याच्याकडे चार-पाच कॅलिबर आहेत आणि प्रत्येकाची थोडीथोडीच काडतुसं लागतात त्याने. कॅलिबर बदलायला तो सोपा आणि स्वस्त पडतो. हाताने फिरवत असल्यामुळे कुठे अडलं तर थांबून बघताही येतं.

डिलनचाच स्क्वेअर डील बी स्वस्त दिसतो, पण त्याच्या डाय त्याच्याच असतात; बाकी जगात चालणारी ७/८-१४ आट्यांची डाय त्यात बसत नाही. हॉर्नडीचा लॉक-एन-लोड एपी पाच स्टेशनांचा, आपोआप फिरणारा, चांगला पर्याय आहे. लीचा सिक्स पॅक प्रो सहा स्टेशनं देतो आणि खिशाला सगळ्यात हलका. माझं मत विचाराल तर ज्याला स्क्रू आवळत, ॲडजस्ट करत बसायला आवडतं त्याने ली घ्यावा. ज्याला शनिवारी मॅच आहे आणि शुक्रवारी रात्री काडतुसं हवीत, त्याने घेऊ नये.

प्रश्न: रेंजवर शेजारच्याला स्क्विब झाला. तेव्हापासून प्रोग्रेसिव्हची भीती वाटते. रास्त आहे का?

रास्त आहे, आणि ती भीती जाऊ देऊ नका. स्क्विब म्हणजे केसमध्ये पावडर नाही किंवा नावापुरती आहे. फक्त प्राइमरच्या जोरावर बुलेट बंदुकीच्या नळीत शिरते आणि तिथेच अडकते. आवाज फुसका येतो. त्यावर पुढची गोळी झाडली की नळी फुगते किंवा फुटते. म्हणून आवाज विचित्र वाटला की थांबा, बंदूक रिकामी करा, नळीतून सळई घालून बघा.

डबल चार्ज, म्हणजे एकाच केसमध्ये दोनदा पडलेली पावडर, त्याहून वाईट, कारण तो आवाजाने आधी सांगत नाही. यावरचा सगळ्यात चांगला उपाय पावडर निवडतानाच होतो. टाइटग्रुपसारखी दाट पावडर इतकी थोडी लागते की ९ एमएमच्या केसमध्ये दुप्पट पडली तरी आत मावते, वरून पटकन कळत नाही. पावडर कंपनीच्या मॅन्युअलमधून अशी फुगीर पावडर निवडा की दुप्पट पडली तर तोंडाशी येईल किंवा सांडेल. प्रमाण मात्र मॅन्युअलचंच, रेंजवरच्या मित्राचं नाही.

प्रेसच्या फ्रेमला छोटा एलईडी दिवा चिकटवा. बुलेट ठेवण्याआधी प्रत्येक केसमध्ये डोकावायचं, प्रत्येक म्हणजे प्रत्येक. प्रेस मध्येच अडकला तर सगळ्या स्टेशनांवरच्या केसेस काढून बाजूला ठेवा आणि नव्याने सुरुवात करा. बेंचवर एका वेळी पावडरचा एकच डबा. तपासणी डायवर पूर्ण भिस्त ठेवू नका: ती डबल चार्ज आणि रिकामी केस पकडते, दशांश ग्रेनची (ग्रेन हे पावडर मोजायचं वजनाचं माप) चूक नाही.

प्रश्न: .४५ एसीपी भरताना हँडल मध्येच अडतं, प्राइमर चेपतात. प्रेस खराब आहे का?

बहुतेक नाही. रेंजवरून गोळा केलेल्या केसेस एकदा उलट्या करून बघा. .४५ च्या केसेस दोन प्रकारच्या निघतात, मोठ्या प्राइमरच्या आणि छोट्या प्राइमरच्या. छोट्या भोकात मोठा प्राइमर दाबायला गेलात की हेच होणार. जोर लावू नका. प्राइमर दाबानेच फुटतो, आणि वर प्रेसच्या प्राइमर भरायच्या नळीत त्याचे आणखी भाऊबंद रांगेत उभे असतात. केसेस आधी निवडून घ्या. डोळ्यांवर चष्मा हवाच.

प्रश्न: नुकताच शिकतोय, महिन्याला शंभर गोळ्या. सरळ प्रोग्रेसिव्हच घेऊ?

नको. लीचा क्लासिक टरेट किंवा आरसीबीएसचा रॉक चकर, असा साधा प्रेस घ्या. पुढे प्रोग्रेसिव्ह घेतलात तरी तो बेंचवर लागतोच.

प्रश्न: मी एच-१बी व्हिसावर आहे. स्वतःसाठीच भरणार, विकणार नाही. चालेल ना?

स्वतःपुरतं रीलोडिंग करायला फेडरल लायसन्स लागत नाही हे खरं, पण तुमची अडचण वेगळी आहे. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा ॲम्युनिशन बाळगायला फेडरल कायद्याने मुळातच मनाई आहे. अपवाद मोजकेच, त्यातला नेहमीचा म्हणजे अमेरिकेत मिळालेलं वैध शिकारीचं लायसन्स. आणि त्या कायद्यात ॲम्युनिशन म्हणजे नुसतं तयार काडतूस नव्हे. केस, प्राइमर, बुलेट, पावडर सगळं त्यातच येतं. ग्रीन कार्ड आल्यावर चित्र बदलतं. तोवर आधी इमिग्रेशन वकील, मग प्रेस. राज्याचे नियम आणखी वेगळे असू शकतात, तेही विचारून घ्या.

प्रश्न: पुण्यातला चुलतभाऊ रायफल क्लबात जातो. डिसेंबरमध्ये जाताना त्याला छोटा प्रेस बॅगेत नेऊ का? नुसतं लोखंडच तर आहे.

भारतात ते नुसतं लोखंड राहत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या ॲम्युनिशनच्या व्याख्येत काडतुसं बनवण्याची यंत्रंसुद्धा धरली आहेत. बनवायला परवाना वेगळा, आयातीला वेगळा. भावाला क्लबमार्फत अधिकृतपणे मिळणारीच काडतुसं वापरू द्या, आणि बॅगेत त्याच्यासाठी कानाचे चांगले मफ न्या.