गाणं जुनं झालं म्हणून फुकट होत नाही

पुण्यातल्या एका रॉक बँडचा प्रश्न आहे. चक बेरीचं 'जॉनी बी. गूड' आणि एल्व्हिसमुळे गाजलेलं 'हाउंड डॉग' त्यांनी स्टुडिओत नव्याने रेकॉर्ड केलंय, एकात मधलं कडवं मराठीत घातलंय, आणि स्टुडिओवाले म्हणतायत साठ वर्षं उलटली, बिनधास्त रिलीज करा.

थांबा जरा. स्टुडिओवाल्यांचं अर्धं बरोबर आहे आणि लोक गोत्यात येतात ते ह्याच अर्ध्यामुळे. आपल्याकडे रेकॉर्डिंगच्या कॉपीराइटची ६० वर्षं ते बाजारात आलं ते वर्ष संपल्यावर मोजतात, म्हणजे 'जॉनी बी. गूड'चं १९५८ चं रेकॉर्डिंग इथे २०१८ च्या शेवटी मोकळं झालं. पण तुम्ही ते वापरतच नाहीये ना! तुम्ही वाजवताय ते गाणं, म्हणजे शब्द आणि चाल, आणि त्याची ६० वर्षं मोजतात लिहिणारा गेल्यावर. 'जॉनी बी. गूड' लिहिणारा चक बेरी गेला २०१७ मध्ये, म्हणजे ती ६० वर्षं अजून संपलेली नाहीत. अमेरिकेत तर १९५८ च्या गाण्याला ९५ वर्षं, २०५३ संपेपर्यंत. आणि एल्व्हिस १९७७ ला गेला हा हिशोब 'हाउंड डॉग'ला लावूच नका, ते त्याने लिहिलेलं नाही, गायिका बिग मामा थॉर्नटनने त्याच्या आधीच, १९५२ मध्ये रेकॉर्ड केलं होतं आणि शब्द लिहिणारा जेरी लायबर गेला २०११ ला.

आता कुणीतरी कॉपीराइट कायद्याचं कलम ३१-सी दाखवेल. पहिल्या रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच वर्षं झाली की आधी नोटीस आणि आगाऊ रॉयल्टी देऊन कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्याने रेकॉर्ड करता येतं, मालक हो म्हणो न म्हणो. ऐकायला झकास, पण रॉयल्टी साधारणपणे वर्षाला किमान ५०,००० प्रतींची भरायची, छोट्या बँडला कुठून परवडणार? शिवाय मूळ गाण्यात फेरफार चालत नाही, म्हणजे तुमचं मराठी कडवं तिथेच बाद.

खरी भीती मला त्या कडव्याचीच वाटते. भाषांतर हा हक्क मालकाचा, त्यामुळे पब्लिशरची, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीची, लेखी परवानगी येईपर्यंत ते काढून ठेवा, कितीही जमून आलेलं असलं तरी. कडवं सोडून दोन्ही गाण्यांसाठी आधी आयपीआरएसला (गीतकार, संगीतकार आणि पब्लिशर यांच्या वतीने परवाने देणारी संस्था) ईमेल टाकून विचारा की ह्या गाण्यांचे रेकॉर्डिंगचे हक्क ते देऊ शकतात का, नसतील तर थेट पब्लिशरला गाठा. व्हिडिओ करणार असाल तर त्याची परवानगी वेगळी मागा. यूट्यूबवर पब्लिशरचा क्लेम, म्हणजे हक्काचा दावा येऊन जाहिरातीचे पैसे पब्लिशरकडे वळले म्हणजे परवानगी मिळाली असं समजू नका, उद्या ते व्हिडिओ काढूनही टाकू शकतात.

आणि हो, नव्या रेकॉर्डिंगची मालकी बँडची की स्टुडिओची हे आत्ताच कागदावर आणा.