चाहत्यांचा विश्वास उडाला की फुटबॉल क्लब मॅनेजरला (म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला) काढतोच का?

नाही, नुसत्या चाहत्यांच्या रागाने मॅनेजर जात नाही; मालक आधी गुणतक्ता बघतात. इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडचंच बघा. डिसेंबर १९८९ मध्ये त्यांच्या घरच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, मॅनेजर फर्ग्युसनच्या तीन वर्षांच्या सबबींवर फलक झळकला होता. मे १९९० मध्ये एफए कप (इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा) आला आणि गडी २०१३ पर्यंत टिकला! उलट याच क्लबचा नंतरचा मॅनेजर टेन हागने मे २०२४ मध्ये तोच कप जिंकला, तरी ऑक्टोबरात त्याला नारळ मिळाला, कारण संघ लीगच्या गुणतक्त्यात चौदाव्या नंबरवर होता. मात्र घरच्याच मैदानावर खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या की मालक हलतात. आपण कोथरूडमध्ये रात्री साडेबाराला, घरचे उठू नयेत म्हणून आवाज बंद ठेवून टीव्हीला घातलेल्या शिव्या त्यात धरत नाहीत.