ओल्ड-टाइम (अमेरिकेतलं जुनं लोकसंगीत) वाजवताना फिडल, म्हणजे व्हायोलिनच, हनुवटीखाली धरलीच पाहिजे का? मान आखडते.

अजिबात नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगराळ भागातले कितीतरी जुने वादक फिडल छातीला नाहीतर दंडाला टेकवून वाजवायचे, हनुवटी लावायचेच नाहीत. चिनरेस्ट (हनुवटी टेकवायची पट्टी) आली तीच मुळी 1820 च्या आसपास, लुई स्पोर नावाच्या जर्मन वादकाने काढली, त्याआधी लोक वाजवत नव्हते का!

हे जमतं कारण ओल्ड-टाइममध्ये डावा हात बहुतेक वेळ फर्स्ट पोझिशनलाच (स्क्रोलजवळच्या, म्हणजे टोकाच्या वळलेल्या भागाजवळच्या जागेवर) असतो, वर-खाली सरकायचं नसतं, त्यामुळे फिडलची मान अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात ठेवून मनगट थोडं आत टेकवलं तरी चालतं (क्लासिकलवाले नाक मुरडतील, मुरडू दे). फक्त घट्ट आवळू नका, अंगठा दुखायला लागला की समजा पकड जास्त झाली.

मी कॉलरबोनच्या जरा खाली टेकवतो, स्क्रोल थोडा खाली झुकलेला, आणि शर्टवरून घसरते म्हणून मागे शॅमॉयचं (मऊ चामड्याचं) फडकं. बो (गज) पण फ्रॉगच्या (हाताकडच्या टोकाच्या ठोकळ्याच्या) थोडं वर धरून बघा, हलका वाटतो.

आपल्याकडे शास्त्रीय संगीतात व्हायोलिन वाजवताना मांडी घालून स्क्रोल पायावर टेकवतातच की, मग इथे कसला नियम.